पडद्यावरची पिवळी होडी

आश्विनातलं ऊन मला सोसत नाही. सकाळी आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं लख्ख असतं, आणि दुपारी दीड-दोनच्या सुमारास पूर्वेच्या डोंगरांवर एक करडा ढग उभा राहतो. पनवेलच्या माझ्या खिडकीतून तो दिसतो. समोरच्या दोन इमारतींच्या मध्ये भाताचं एक खाचर अजून शिल्लक आहे. आधी त्यावरून सावली सरकते, मग वारा येतो, पिवळं पडलेलं भात एका अंगाला झोपतं. अर्ध्या तासात सगळं चिंब होऊन पुन्हा ऊन पडतं. ऑफिसातली माणसं फोनवर म्हणतात, परतीचा पाऊस, जाता जाता झोडपून जातोय. मी लॅपटॉप अर्धा मिटते, स्वयंपाकघरात जाते आणि धुतलेलीच भांडी पुन्हा पुसत बसते.

दोन वर्षांपूर्वीचा आश्विन मी घरी काढला होता. घर म्हणजे रेवदंड्याच्या खाडीकाठची आमची कोळ्यांची वाडी. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली होती. माझं काम सांगायला सोपं आहे. कारखान्यातल्या टाक्या, पंप, पाइप यांत या क्षणी काय चाललंय, ते पडद्यावर हलतं दाखवायचं. प्रत्यक्षातला आकडा दर सेकंदाला येत नाही. मग मधला वेळ मशीनने अंदाजाने भरून काढायचा, म्हणजे बघणाऱ्याला चित्र सलग दिसतं. हे मी सात वर्षं करत होते आणि मला ते चांगलं जमत होतं.

त्या महिन्यात वाडीला एक वेगळाच वास असायचा. बांबूच्या वलांडींवर बोंबील टांगलेले, त्यांचा खारट उग्र वास, आणि खाडीपलीकडून वारा आला की कापलेल्या भाताचा गोडसर वास. दोन्ही एकमेकांत मिसळून घरात यायचे. आई खाटेवरून म्हणायची, "दर्शे, खिडकी लाव, माशा येतील." मी लावायची नाही. शहरात मला त्या वासाची स्वप्नं पडत.

वाडीच्या मच्छीमार सोसायटीने त्याच सुमारास प्रत्येक होडीवर एक डबी बसवून घेतली होती. मुठीएवढी डबी दर दहा मिनिटांनी होडी कुठे आहे, कुठल्या दिशेला आणि किती वेगाने चालली आहे, एवढा निरोप किनाऱ्यावर पाठवायची. मोबाइलची रेंज नसेल तेव्हा निरोप साठवून ठेवायची आणि रेंज आली की सगळे एकदम सोडायची. पण निरोप यायचे ते नुसते आकडे. ते कुणाला कळणार? माझे बाबा गुडघ्यांमुळे समुद्रावर जायचे थांबले होते आणि दिवसभर सोसायटीच्या ऑफिसात बसायचे. एकदा जेवताना ते म्हणाले, "तू कारखान्यांची चित्रं काढतंस. आमच्या होऱ्यांचं काढ ना एक. बाया रोज येऊन इचारतात, कुठवर आयले, कुठवर आयले. मी काय सांगू?"

मी आठ दिवसांत काढून दिलं. निळा समुद्र, करडी जमीन, खाडीचं मुख, कोर्लईचं टोक, आणि पाण्यावर बावीस होड्या. बऱ्याच बायकांना वाचता येत नव्हतं, म्हणून नावांऐवजी मी रंग दिले. सोसायटीच्या भिंतीवर जुना टीव्ही होता, त्यावर ते चित्र लावलं. पहिल्या दिवशी दारात चपलांचा ढीग झाला. बायका आपापला रंग शोधत होत्या आणि सापडला की लाजत होत्या.

माझ्या मामाच्या होडीला, म्हणजे 'गौरीनंदन'ला, पिवळा रंग दिला होता. हिरामामा आईचा धाकटा भाऊ, अठ्ठावन्न वर्षांचा, वाडीतला सगळ्यात जुना तांडेल, होडी हाकणारा म्होरक्या. मला पोहायला त्याने शिकवलं. शिकवलं म्हणजे खाडीत सोडलं आणि स्वतः दोन हातांच्या अंतरावर उभा राहून शांतपणे सांगत राहिला, "पाय हालव. मी हाय हितंच." तो फारसा बोलायचा नाही, बोलला की प्रश्न विचारायचा. पडद्यासमोर तो बराच वेळ उभा राहिला.

"ही आमची होरी आत्ता कोन चालवतं?" त्याने विचारलं. होडी त्या वेळी धक्क्यालाच बांधलेली होती, पण मी त्याला आदल्या दिवशीची फेरी पुन्हा लावून दाखवत होते.

"शेवटच्या निरोपात जो वेग आणि जी दिशा असेल, त्यावरून मशीन अंदाजाने पुढे चालवतं, मामा. दर सेकंदाला."

"अंदाज चुकला तर?"

"दहा मिनिटांनी पुढचा निरोप येतो. मग सुधारतं."

"अन् निरोप न्हाय आयला तर?"

"येतोच रे मामा," मी म्हणाले. त्याने मान हलवली. त्याच्या भाचीला जास्त कळतं, असं त्याला मनापासून वाटायचं.

तो स्वतः जागा ओळखायचा ती किनाऱ्यावरच्या खुणांवरून. चौलच्या दत्ताचा डोंगर आणि माडांतला एखादा उंच शेंडा एका रेषेत आले की इथे खडक आहे; कोर्लईच्या किल्ल्याचं टोक अमुक झाडाआड गेलं की इथे सुरमई लागते. धुकं असलं, की तो काहीच ओळखायचा नाही. इंजिन बंद करायचा आणि धुकं उठेपर्यंत थांबायचा. लहानपणी मी एकदा कंटाळून विचारलं होतं, "मामा, चल ना, साधारण माहितीय ना तुला?" तो म्हणाला, "साधारन म्हायती हाय, म्हनून तर थांबलो."

पहिल्याच आठवड्यात पडद्याबद्दल तक्रार आली. ती आणली गोपीमामीने, हिरामामाच्या बायकोने. मामी म्हणजे सहा फुटी नवऱ्याच्या खांद्याला जेमतेम लागणारी, पण मासळी बाजारात जिच्या आवाजाने गिऱ्हाईक आपोआप थांबे अशी बाई. तिला मूल नव्हतं. माझी वेणी घालायला ती सकाळी टोपली उंबऱ्यावर ठेवून यायची आणि माशाच्या हातांनी घालायची. शाळेत माझ्या केसांना वास यायचा, म्हणून मी रडायची. तीच मामी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दर्शे, तुजी होरी नाचतं. पुढं जातं, मंग उडी मारून मागं येतं, परत पुढं. येतायत का जातायत, मी काय समजायचं?"

तिचं बरोबर होतं. एकाच होडीला दोन हात ओढत होते. एक हात टायमरचा. तो दर सेकंदाला होडी थोडी पुढे सरकवायचा. दुसरा हात निरोपांचा. रेंज नसल्यामुळे अडकलेले निरोप उशिरा, गठ्ठ्याने आले की ते होडीला त्यांच्या वेळच्या जागी, म्हणजे मागे ओढायचे. पुढच्याच सेकंदाला टायमर तिला परत पुढे न्यायचा. हा झगडा माझ्या धंद्यात रोजचा आहे. त्यावर उपाय एकच, कुणाचं ऐकायचं ते ठरवून टाकायचं.

मी टायमरचं ऐकायचं ठरवलं. मिनिटाहून जुना निरोप आला, तर तो शिळा समजून टाकून द्यायचा, असा नियम लिहिला. तसंही पुढचा ताजा निरोप येणारच होता. निरोप आलाच नाही तर होडी किती वेळ अंदाजावर चालवायची, हा प्रश्न मला पडला नव्हता असं नाही. वहीत मी तो लिहूनही ठेवला होता आणि त्यापुढे 'नंतर बघू' असं लिहिलं होतं. त्या दिवशी आईचे टाके काढायला अलिबागला जायचं होतं.

नियम बसवला आणि होड्या नाचायच्या थांबल्या. तेलावरून घसरल्यासारख्या बावीसही होड्या सरकायला लागल्या. मामी खूश झाली. "आता कशी शान्यासारखी चालतं," ती म्हणाली, आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

तो दिवस शुक्रवार होता. सकाळपासून उकडत होतं. ढगाचं चिन्ह होतं, म्हणून बहुतेक होड्या लवकर फिरल्या आणि साडेबारापर्यंत धक्क्याला लागल्या. 'गौरीनंदन' जरा लांब गेली होती. पावणेबाराच्या तिच्या निरोपात तोंड घराकडे होतं आणि वेग चांगला होता. मी घरी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. पडद्याच्या एका कोपऱ्यात सोसायटीचं चित्र उघडं होतं, आणि मीटिंग लांबली की मी अधूनमधून तिकडे बघायची. पिवळी होडी निळ्यावरून येत होती. किती सुरेख सरकते आहे, असं मला वाटलं. हे मी कुणाला आजवर सांगितलं नव्हतं. मला त्या क्षणी स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

दीड वाजता पूर्वेकडून अंधारून आलं. वारा जमिनीवरून समुद्राकडे सुटला. सोसायटीत सात-आठ माणसं होती. पुढे बाबांनी मला सांगितलं तसं सांगते. बाबा म्हणाले, "हिरा अजून आयला न्हाय. कुनी जाऊन बघतं का?" दोघं उठलेही, एकाने छत्री भिंतीला टेकवली आणि डिझेलचा कॅन उचलला. तेवढ्यात मामी आली. डोक्यावर प्लास्टिकचा कागद होता, पाणी निथळत होतं. तिने आधी पडद्याकडे पाहिलं.

"आरं, ते बघा ना, येतायत," ती म्हणाली. "पिवली आमची. कोर्लईच्या टोकाला आयली पन. कशाला जाताव पावसात? अर्ध्या तासात हितं येतील."

कॅन खाली ठेवला गेला. मामाचा फोन लागत नव्हता, पण तो कधीच लागायचा नाही. मामी घरी गेली, भात टाकला, आणि तीनला टोपली घेऊन धक्क्यावर जाऊन उभी राहिली. पडद्यावर पिवळी होडी धक्क्याला लागून थांबली होती. होडीने जमिनीवर चढू नये, एवढी अक्कल मी तिला दिली होती.

धक्क्यावर पाणी होतं, पाऊस होता, बांधलेल्या एकवीस होड्या होत्या.

कोर्लईच्या आडोशाला थांबले असतील, म्हणून आणखी दीड तास गेला. त्या आडोशाला सगळेच थांबतात. साडेचारला पाऊस उघडला आणि पलीकडून फोन आला, की इथे कुणी नाही. मग तीन होड्या सुटल्या. दिवेलागणीला त्यांना 'गौरीनंदन' सापडली. उलटी झालेली, खूप बाहेर, वाऱ्याने रेटत नेलेली. तिला धरून तीन खलाशी होते. मामा नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर आला.

त्या दिवसांतलं मला सलग आठवत नाही. आईला उठायची मनाई होती, ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. वलांडींवरचे बोंबील कुणी उतरवले नाहीत, ते पावसात भिजून सडले आणि वाडीभर त्यांची घाण सुटली. दुपारी ऊन तसंच लख्ख पडायचं. मी मामाकडच्या पडवीत बायकांमध्ये बसलेली असायची आणि मला सारखं वाटायचं, की कुणीतरी मला काहीतरी विचारणार आहे.

तिघांतला सगळ्यात धाकटा खलाशी धर्मा, दोन पोरांचा बाप, तो चौथ्या दिवशी दवाखान्यातून परत आला. पडवीतच खाली बसून त्याने सांगितलं. दुपारी बाराला होडीखालच्या पंख्यात दोर गुरफटला आणि इंजिन बंद पडलं. मामा दोनदा पाण्यात उतरून दोर कापायला गेला. मग वारा आला. दोनच्या आसपास होडी उलटली. "तांडेलांनी आम्हाला एक-एक करून वर चढवलं," धर्मा म्हणाला. "सवता पान्यातच व्हते. म्हनत व्हते, होऱ्या येतील, डबी हाय ना आपल्याला, दर्शाला दिसत असंल. पाच वाजेपातुर बोलत व्हते. मंग हात सुटला."

मी उठून घरी आले. कंपनीचा लॅपटॉप उघडला आणि शुक्रवारची नोंद काढली. बाहेर कुणीतरी रेडिओ लावला होता आणि लगेच बंदही केला.

डबीने काम चोख केलं होतं. तिच्यात पाचच निरोप मावायचे, बारानंतरचे शेवटचे पाच तिने साठवले होते आणि एक पस्तीसला, रेंजचा एक तुकडा सापडला तेव्हा, सगळे एकदम पाठवले होते. पहिल्या तीनांत होडी जागच्या जागी उभी होती. नंतरच्या दोनांत ती उलट दिशेला, बाहेर, वाहत चालली होती. एक पस्तीसला बाबा सोसायटीत माणसं जमवत होते. निरोप किनाऱ्याला पोचले होते. प्रत्येकापुढे माझ्या नियमाने एकच शेरा मारला होता. शिळा, टाकून दिला. शिळा, टाकून दिला. पाच वेळा.

दीडला निघालेली होडी तीन-सव्वातीनला तिथे पोचली असती. मी हा हिशेब एकदाच केला.

माझ्याशिवाय ती नोंद वाचणारं वाडीत कुणी नव्हतं. हे सांगताना मला बरं दिसावं, असं काही मी आता लिहिणार नाही. मी नोंद पुसली नाही, पण कुणाला दाखवलीही नाही. लॅपटॉप मिटला, कपाटात चादरींच्या खाली ठेवला आणि परत पडवीत जाऊन बसले.

पडवीत तोवर दुसरंच बोलणं सुरू झालं होतं. आधी दबक्या आवाजात, मग उघड. गोपीने चुकीचं बघितलं. तिला वाचता येत नाही, पडद्यातलं काय कळणार तिला? दुसऱ्याच कुणाची होडी बघितली असेल, आणि जाणाऱ्या माणसांना थांबवलं. कुणी वाईट मनाने म्हणत नव्हतं. उलट कणव होती त्यात, म्हणून ते जास्त चिकटलं. मामी ऐकत असायची. ती रडत नव्हती. भिंतीला टेकून बसलेली, आणि अधूनमधून एकच वाक्य बोलायची: "मना पिवलीच वाटली व्हती. दुसरीच असंल."

हे मी सात दिवस ऐकलं.

अकराव्या दिवशी सकाळी आई मामाकडे होती. खुर्चीत बसवून चौघांनी तिला उचलून नेलं होतं. घरी बाबा एकटेच. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून ते एकेक सोलत होते, जेवायला बिरडं करायचं होतं. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. टायमर, निरोप, नियम, पाच ओळी. त्यांना किती कळलं ठाऊक नाही. पण शेवट कळला. त्यांच्या बोटांत वाल होता, तो तसाच राहिला.

"गोपीला सांगितलंस?"

"नाही."

"मंग मना कशाला सांगतंस?"

मी गेले. मामीला म्हणाले, आतल्या खोलीत चल. बायकांनी वाट दिली. आतल्या खोलीत मामाचे शर्ट खुंटीला तसेच होते. मामी खाटेच्या कडेला बसली, मी खाली तिच्या पायांशी.

"मामी, तू बरोबर बघितलंस," मी म्हणाले. "ती पिवळीच होती. पडद्यावर ती येतच होती. पण समुद्रावर नव्हती. पडदा चुकीचं दाखवत होता."

तिने माझ्याकडे बघितलं. अकरा दिवसांत पहिल्यांदा तिची नजर एका जागी थांबली.

"पिवलीच व्हती?"

"पिवळीच."

"मी चुकले न्हाय?"

"नाही मामी. मी चुकले. डबीने खरं कळवलं होतं. होडी बंद पडलीय, वाहत चाललीय, सगळं. मी लिहिलेल्या नियमाने ते निरोप टाकून दिले. तुला होडी नाचलेली आवडत नव्हती, म्हणून..." तिथे मी थांबले. तिच्यावर ढकलण्यासारखं ते वाक्य माझ्या तोंडून निघालं होतं, आणि ते परत घेता येत नव्हतं.

मामी रडायला लागली. आवाज नव्हता, नुसतं अंग हलत होतं, जुनं इंजिन सुरू होताना होडी हलते तसं. माझा हात तिच्या गुडघ्यावर होता, तो तिने झटकला नाही. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "तुला कवा समजलं?"

"चौथ्या दिवशी."

"आज कितवा?"

"अकरावा."

मग माझा हात उचलून तिने माझ्याच मांडीवर ठेवला.

"चूक व्हतं मानसाची," ती म्हणाली. "पन सात दिस, दर्शे. सात दिस तू मना तसंच बसवून ठेवलंस. तुज्या डोल्यांदेखत."

मी खुंटीवरच्या मामाच्या शर्टांकडे बघितलं.

"जा आता," ती म्हणाली.

सोसायटीच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर उभी राहून हेच पुन्हा सांगितलं. शिव्या मिळतील असं वाटलं होतं, त्या मिळाल्या नाहीत. माणसं खाली बघत होती. एक वयस्कर नाखवा म्हणाला, पडदा काढून टाका, आपल्या बापजाद्यांना कुठे होता? दोघा-तिघांनी मान हलवली. तेव्हा धर्मा उठला. त्याच्या तळहातांना अजून पट्ट्या होत्या.

"काढू नका," तो म्हणाला. "पाच निरोप आयले व्हते ना? म्हंजे डबी वरडत व्हती. आम्ही तिकडं वरडत व्हतो आनि ती हिकडं. आयकनारा बहिरा व्हता. बहिऱ्याला कान लावा, बस."

मी कान लावले. आता टायमरला होडी हलवायची परवानगी नाही. तो फक्त शेवटच्या निरोपाला किती वेळ झाला, एवढंच मोजतो. होडी हलते ती निरोप आला तरच, मग तो कितीही शिळा असो. वीस मिनिटं काही ऐकू आलं नाही, की होडी आहे तिथे उभी राहते, तिचा रंग जातो, राखेसारखी होते, आणि ऑफिसात घंटा वाजते. लिहायला मला एक दुपार पुरली. एक दुपार. मामाने तो प्रश्न पडद्यासमोर उभं राहून विचारला होता, आणि माझ्याकडे तेव्हा सगळ्या दुपारी मोकळ्या होत्या.

दिवाळीनंतर आई काठी घेऊन चालायला लागली आणि मी पनवेलला परत आले. कंपनीचं काम तेच आहे. नव्या मुली येतात, हुशार असतात, त्यांच्या पडद्यांवर सगळं झुळझुळ वाहतं. मी त्यांना म्हणते, वायर तोडा आणि मग दाखवा. त्यांना मी खडूस वाटते. असं का म्हणते, ते मी त्यांना सांगत नाही.

सणावाराला वाडीत जाते. मामी घराबाहेर दिसते, बाजारात दिसते. तिचा आवाज पूर्वीसारखा चढत नाही, पण गिऱ्हाईक थांबतं. माझ्याशी ती बोलत नव्हती. भांडणही नाही, मी समोर आले की ती हातातलं काम करत राहायची. मी तिच्या पायरीवर थोडा वेळ बसायची आणि उठायची. आई म्हणायची, दम धर. दम धरण्यासारखं माझ्याकडे काय आहे, ते मला कळायचं नाही. मी तिला नवरा परत देऊ शकत नव्हते, आणि ते सात दिवसही.

यंदा भात पिवळं पडलं तेव्हा बाबांनी फोनवर सांगितलं, की गोपी हल्ली दुपारची सोसायटीत येऊन बसते. पडद्यासमोर. कुणी सांगितलं नाही तिला. बाजार उरकला की येते, टोपली पालथी घालून तीवर बसते आणि सगळ्या होड्या लागल्याशिवाय उठत नाही.

गेल्या आठवड्यात, दुपारी दोनला, माझा फोन वाजला. खिडकीबाहेर तो करडा ढग होता. फोनवर मामीचं नाव होतं.

"दर्शे, ती हिरवी थांबलीय," मामी म्हणाली. मागे घंटा वाजत होती. "रंग गेलाय तिचा."

मी लॅपटॉप उघडला. हिरवी होडी राख झाली होती. शेवटचा निरोप तेवीस मिनिटांपूर्वीचा.

"हो मामी. दिसतंय मला."

"काय झालं असंल?"

मला चार गोष्टी सुचल्या. रेंज गेली असेल. डबीची बॅटरी संपली असेल. इंजिन बंद पडलं असेल. चौथी मी मनातसुद्धा पुरी केली नाही.

"मला माहीत नाही, मामी."

मग फोन कानापासून लांब धरून तिने हाक दिली, बाजारात द्यायची तशी, खणखणीत: "उठा रं! दोन होऱ्या काढा." आणि फोन बंद झाला.

पावणेदोन तास मी त्या राखेच्या ठिपक्यासमोर बसून होते. ऑफिसचे दोन फोन आले, घेतले नाहीत. पाऊस पडून गेला. मग बाबांचा फोन आला. डबीची वायर सुटली होती, बाकी काही नाही. पोरं मजेत मासे काढत बसली होती आणि आपल्यासाठी दोन होड्या धावून आल्या म्हणून हसत होती.

मी मामीला फोन लावला. ती घेईल असं वाटलं नव्हतं. पण तिने घेतला.

"आले ना सगळे?"

"आयले. हसतायत मेले." तिच्या श्वासाचा आवाज येत होता, चालत होती बहुतेक, टोपली घेऊन घरी. थोडं अंतर ती तशीच चालली. मग म्हणाली, "तुजा मामा असता ना, तर..."

पुढे ती बोलली नाही. फोन तिने बंद केला, की रेंज गेली, ते मला कळलं नाही. ते वाक्य मी माझ्या मनाने पुढे नेलं नाही. ती जिथे थांबली, तिथेच ते राहू दिलं, आणि फोन कानाशी धरून बराच वेळ तशीच बसून राहिले.